जेवून हात धुवायला उठली की आई कोसळते

सांगलीकर_पांथस्थ

आई ७९ वर्षांची. बीपी वीस वर्षांपासून, साखर दहा-बारा वर्षांपासून. दोन्ही 'कंट्रोलमध्ये' आहेत असं आम्ही समजत होतो. गेल्या चार महिन्यांत तीनदा पडली, तिन्ही वेळा दुपारचं जेवण झाल्यावर बेसिनपाशी. पहिल्यांदा पाय घसरला म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा नळ धरून खाली बसली. तिसऱ्यांदा मात्र कपाळाला चार टाके पडले.

डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी ठीक, सोडियम ठीक. मानेचा एक्स-रे काढला, मणक्यांची झीज निघाली (७९ व्या वर्षी ती कुणाच्या मानेत नसते?), मानेचा पट्टा आणि चक्करची गोळी घेऊन घरी आलो. फरक शून्य. तिथे बीपी मोजलं होतं १४६/८०. सकाळी अकराला मोजलं होतं, तिला चक्कर येते दीडला!

मग मीच ठरवलं की चक्कर येते तेव्हाच मोजायचं. दंडावर बांधायचं मशीन घरी होतंच. रविवारी तिला खुर्चीतून उठू दिलं नाही आणि जेवणाआधीपासून दर पंधरा मिनिटांनी मोजत गेलो. कालनिर्णयच्या मागे लिहिलेले आकडे जसेच्या तसे देतोय:

जेवणाआधी १४८/७८, नाडी ७२
१५ मिनिटांनी १३६/७४, नाडी ७३
३० मिनिटांनी ११६/६४, नाडी ७४
४५ मिनिटांनी १०४/५८, नाडी ७४ (जांभया, 'डोळ्यांपुढं झापड येतीय')
६० मिनिटांनी १०८/६०
९० मिनिटांनी १२८/७०
दोन तासांनी १४०/७६

ताटात होतं दोन पोळ्या, मेथीची भाजी, कढत वरणभात आणि थोडा गूळ. मशीन बिघडलंय की काय म्हणून स्वतःचंही मोजलं, माझं जेवल्यावरही १२६ च.

हे काय आहे? कुणाच्या घरी आहे का? त्यावर काय केलंत?

खिडकीतली_मनी

बापरे, काळजी घ्या काकूंची. माझ्या आजीला अश्शीच चक्कर यायची. आम्ही लिंबू-साखरेचं सरबत चिमूटभर मीठ घालून द्यायचो. साखर उतरत असणार हो, गोळ्या चालू आहेत ना डायबेटिसच्या?

सांगलीकर_पांथस्थ

ताई, आम्हीही हेच करत होतो. तिसऱ्यांदा पडली तेव्हा बायकोने आधी साखरपाणीच पाजलं. पण नंतर ग्लुकोमीटरवर पाहिलं तर साखर १६८. मग मला कळेना की साखरपाणी दिलं ते बरं केलं की वाईट.

नाडीपरीक्षक

(मी फिजिशियन आहे, पण पेशंट समोर नाही. तेव्हा हे वाचून गोळ्यांत परस्पर फेरफार करू नका, तुमच्या डॉक्टरांशी बोला.)

पांथस्थ, तुमचं कॅलेंडरचं पान हे मानेच्या एक्स-रेपेक्षा चांगलं निदान आहे. जेवायला बसल्यापासून दोन तासांच्या आत वरचं बीपी २० किंवा त्याहून जास्त उतरलं, किंवा आधी १०० च्या वर असताना ९० च्या खाली गेलं, तर त्याला जेवणानंतरचं बीपी पडणं म्हणतात. तुमच्या आईचं ४४ नी उतरलंय. हे नवीन खूळ नाही. १९७७ मध्ये एका पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) रुग्णात याची नोंद झाली, आणि १९८३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी संस्थेत राहणाऱ्या वृद्धांमध्ये ते मोजून दाखवलं. ओपीडीत मात्र ते दिसत नाही. कारण तुम्हीच सांगितलंत: आम्ही अकराला मोजतो, पेशंट दीडला पडतो.

होतं असं, की जेवलं की पचनासाठी आतड्यांकडे भरपूर रक्त वळतं. तुमच्या-माझ्या शरीराला हे लगेच कळतं. हृदय थोडं जोरात चालतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि बीपी जागेवर राहतं. वय, जुनं बीपी, मधुमेह, पार्किन्सन्स यांनी ही आतली तार ढिली पडते. आता तुमच्या आकड्यांतली नाडी बघा. बीपी १०४ वर आलं तरी नाडी ७२ ची ७४. घरात पाण्याचा दाब गेलाय आणि पंप सुरूच झाला नाही, असं ते आहे.

साखरपाण्याबद्दल. जेवणातल्या घटकांपैकी कर्बोदकांनी बीपी जास्त पडतं, आणि त्यातही ग्लुकोजने सर्वांत जास्त. या प्रयोगांत बीपी पाडून बघायचं असेल तर ग्लुकोजचं पाणीच पाजतात! तेव्हा चक्कर आली की आधी आडवं करायचं, पाय उशीवर, मग बीपी आणि साखर दोन्ही मोजायचं. साखर ७० च्या खाली असेल तर गोड द्यायचंच, त्यात चालढकल नको. १६८ असेल तर सरबत नको. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका.

आणि बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा छातीत दुखलं, तर हे 'जेवणानंतरचंच' म्हणून घरी बसू नका. १०८ ला फोन.

गोळ्या कोणत्या आणि किती वाजता, ते लिहा.

सांगलीकर_पांथस्थ

डॉक, मनापासून आभार. टेल्मिसार्टन अधिक लघवी वाढवणारं औषध अशी एकत्र गोळी, सकाळी नाश्त्यानंतर लगेच. मेटफॉर्मिन दोनदा. आणि ती चक्करची गोळी.

कालच्या नाश्त्याचेही आकडे घेतले. पोहे आणि गोड चहा. आधी १५२, पाऊण तासाने ११०. रात्री अर्धी भाकरी आणि पालेभाजी खाते, तेव्हा फक्त १२ नी उतरलं.

नाडीपरीक्षक

पोह्यांनी पडतं, अर्ध्या भाकरीने नाही. अर्धं उत्तर तुमच्याच वहीत आहे. बऱ्याच जणांत नाश्त्यानंतरचा उतार जास्त असतो, त्यात तुम्ही बीपीची गोळीही त्याच वेळी देताय. गोळी आणि पोहे मिळून खाली ओढताहेत. लघवीच्या औषधाने शरीरातलं पाणी कमी होऊन हा उतार आणखी वाढतो. वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दोनच प्रश्न विचारा: ही एकत्र गोळी बदलता येईल का, आणि ती दोन जेवणांच्या मध्ये देता येईल का. २४ तासांचं बीपीचं मशीन दंडाला लावून देतात, तेही विचारा. त्यात जेवायच्या वेळा लिहून ठेवल्या तर सगळं एका कागदावर येतं.

गोळी एकदम बंद मात्र करू नका. तिचं बीपी एरवी १४८ आहे. एकाच माणसाला उच्च रक्तदाबही आणि हेही, असं अगदी सर्रास असतं.

टपरीवरचा_ज्ञानी

सोप्पं आहे. जेवणानंतर शतपावली घाला. आमचे आजोबा ९२ वर्षे जगले, एक दिवस चुकवली नाही.

उंबरठ्यावरची_आजी

अहो ज्ञानी, मी स्वतः ७४ ची आहे. शतपावलीतल्या सदतिसाव्या पावलाला मी गॅलरीचा कठडा धरून उभी होते. आमच्याकडे वामकुक्षी. जेवलं की अर्धा तास डाव्या कुशीवर, टीव्ही बंद. उठताना आधी कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. पडले नाही अजून.

टपरीवरचा_ज्ञानी

आजी, म्हणजे आमचे आजोबा चुकीचे? 😀 (हलके घ्या.)

नाडीपरीक्षक

दोघेही बरोबर, माणसं वेगळी. चालताना बीपी टिकून राहतं हे खरं, पण चालणं थांबलं की उतार पुन्हा सुरू होतो. ज्याचा तोल चांगला आहे, बीपी फार खाली जात नाही, त्याने हळू चालावं, सोबत कुणीतरी हवं. ज्याला जेवताजेवताच झापड येते त्याने आडवं व्हावं. पांथस्थांच्या आईसाठी माझं मत आजींकडे.

डाव्या कुशीचा फायदा आम्लपित्त वर येणाऱ्यांना होतो. बीपीसाठी डावी-उजवी असा काही दावा मी करणार नाही. आडवं होणं महत्त्वाचं.

भिजलेलं_वांगं

माझ्या वडिलांना (७६) पार्किन्सन्स आहे, म्हणून लिहितोय. आमच्याकडे गंमत (!) अशी की लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यायची, तिनेही बीपी उतरतं, आणि ती चढेपर्यंत ताट समोर येतं. म्हणजे दोन्ही खड्डे एकाच जागी. त्यात सगळीकडे वाचायला मिळतं की भात कमी करा, प्रथिनं वाढवा. पण लेव्होडोपाबरोबर जास्त प्रथिनं खाल्ली की गोळीचा असर कमी होतो आणि बाबा खुर्चीत थिजतात. डाळ वाढवली तर हालचाल जाते, भात वाढवला तर बीपी जातं!

शेवटी आमच्या न्यूरोलॉजिस्टनी असं बसवून दिलं: दिवसा पाच-सहा लहान खाणी, प्रथिनं बहुतेक रात्रीच्या जेवणात, आणि दुपारच्या जेवणाआधी दोन ग्लास पाणी. पाण्याचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. बाबांचं जेवणाआधी प्यायल्यावर १५-२० नी कमी पडतं.

प्रोस्टेटची गोळी चालू असेल कुणाची तर तीही तपासून घ्या, तिनेही बीपी उतरू शकतं. बाबांना ती सकाळी देत होतो, आता रात्री झोपताना.

खिडकीतली_मनी

नुसतं पाणी? औषध नाही?

नाडीपरीक्षक

नुसतं पाणी. साधारण ३५० ते ४८० मिली, जेवणाच्या थोडं आधी, सावकाश घोट घोट नव्हे तर चार-पाच मिनिटांत. ज्यांची आतली तार ढिली आहे त्यांचं बीपी पाण्याने तासभर वर राहतं. हार्ट फेल्युअर किंवा किडनीमुळे ज्यांना पाणी मोजून सांगितलंय त्यांनी हे करायचं नाही.

कॉफीचंही विचारतील म्हणून आत्ताच सांगतो. जेवणाआधी एक कप कडक कॉफी काहींना उपयोगी पडते, अभ्यासांत निकाल मिश्र आहेत. घरी मोजून बघा, फरक नसेल तर सोडा. संध्याकाळनंतर नको, झोप जाईल.

काळी_चहा_बिनसाखर

अवांतर: माझ्या मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे. सेंटरवर मशीन चालू असताना डबा उघडू देत नाहीत. मी दोन वर्षं त्या सिस्टरशी भांडतेय की उपाशी माणसाला चार तास कसं ठेवता. आज कळलं. उद्या तिला सॉरी म्हणते.

सांगलीकर_पांथस्थ

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

डॉक्टर बदलले. नवीन डॉक्टरांनी कॅलेंडरचं पान दहा मिनिटं वाचलं, त्याचा मोबाईलवर फोटो काढला. एकत्र गोळी बंद करून नुसती टेल्मिसार्टन दिली, तीही दुपारी चारला. चक्करची गोळी बंद. मानेचा पट्टा माळ्यावर.

जेवणात काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण खरी लढाई तिथेच झाली. एका मोठ्या दुपारच्या जेवणाचे तीन भाग केले. साडेअकराला एक भाकरी आणि भाजी, दीडला वाटीभर वरणभात, उसळ आणि काकडी, चारला ताक आणि मूठभर फुटाणे. गूळ बंद. पोहे बंद नाहीत, पण वाटीभरच, त्यात मटार आणि शेंगदाणे जास्त, आणि चहा बिनसाखरेचा. आई तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला काय अंगणवाडीत घातलंय का रे, दर दोन तासांनी खाऊ?"

डॉक्टर म्हणाले की कढत जेवणाने बीपी जास्त पडतं, कोमट द्या. त्यावर तिने जे सुनावलं ते: "गार वरणभात कावळ्याला ठेवतात. मी अजून इथं बसलीय." मी गप्प. मग बायकोने तोड काढली. वरणभाताचं ताट वाढून आधी कोशिंबीर समोर ठेवायची, तोवर भात आपोआप निवतो.

आणि बेसिनचं काय केलं? आजोळच्या घरातली तांब्याची तस्त आत्याकडे पडून होती, ती आणली. पूर्वी पंगतीत पाहुण्यांचे हात जागेवर धुवायला फिरवायचे ती. जेवण झालं की मी खुर्चीशी तस्त धरतो, मुलगी तांब्याने पाणी घालते. पहिले दोन दिवस आई लाजली, तिसऱ्या दिवशी "पाणी जरा बेताचं गरम करून आणा" म्हणाली. नंतर तिथूनच पलंगावर, अर्धा तास. बाथरूमला जायचं तर आतली कडी लावायची नाही, हा नियम.

आता आकडे. दुपारी जेवणाआधी १४२, सगळ्यात खाली १२२. पडली नाही. झापड येते अजून कधीकधी.

उंबरठ्यावरची_आजी

तस्तीची कल्पना एक नंबर. आमची तस्त मोडीत घातली हो २००५ साली, आता हळहळ वाटतेय.

माजघर

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न उपासाचा. सासूबाई ८२, एकादशी सोडत नाहीत. सकाळी काही नाही, बीपीची गोळी मात्र वेळेवर, आणि बाराला मोठी ताटली साबुदाण्याची खिचडी. नंतर तासभर अर्धवट गुंगीत असतात. आम्ही समजायचो उपासाचा थकवा.

नाडीपरीक्षक

माजघरताई, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपाशी पोट, कमी पाणी, वर गोळी, आणि मग सगळं पिष्ट एकदम. त्यांना मोजून बघाच. उपास सोडा असं मी सांगणार नाही, सांगून उपयोग नसतो हे माझ्या आईवरून माहीत आहे. सकाळपासून पाणी आणि ताक चालू ठेवा, खिचडी दोनदा अर्धी अर्धी, त्यात कूट सढळ आणि बरोबर दही. किंवा राजगिरा. गोळीचं डॉक्टरांना विचारा.

मेलबर्नची_चाफेकळी

इथे मी वृद्धांच्या निवासात काम करते. आमच्याकडे कुणी पडलं की फॉर्ममध्ये 'शेवटचं खाणं किती वाजता' हा रकाना असतो. बरेच जण नाश्त्यानंतर तासाभरात पडलेले असतात.

एक मजेशीर गोष्ट. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला यावर पुष्कळ काम झालंय, अन्न पोटातून किती वेगाने पुढे सरकतं यावर बीपी किती पडेल हे अवलंबून असतं, असं त्यांनी दाखवलं. तो वेग कमी करायला त्यांनी ग्लुकोजमध्ये काय मिसळलं माहितेय? ग्वार गम. म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचा डिंक! बीपी खरंच कमी पडलं. मी आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग तू लहानपणी गवारीला नाकं का मुरडायचीस.

टपरीवरचा_ज्ञानी

म्हणजे रोज गवारीची भाजी?

नाडीपरीक्षक

भाजी जरूर खा, पण प्रयोगातला डिंक काढलेला आणि मोजून दिलेला होता. भाजीने तेवढं होईल असं समजू नका. तत्त्व मात्र तेच: साखर रक्तात हळू जायला हवी. भाकरी, डाळ, उसळ, कोशिंबीर आधी, भात शेवटी आणि थोडा.

त्याच तत्त्वावर एक गोळीही आहे, आणि मधुमेहवाल्यांना ती ओळखीची असेल. अ‍ॅकार्बोज किंवा व्होग्लिबोज, पहिल्या घासाबरोबर घ्यायची. ती आतड्यात पिष्टाचं पचन मंद करते. जेवणानंतरच्या बीपीवर अ‍ॅकार्बोजचा उपयोग दिसलाय. पोटात गॅस मात्र भरपूर, बैठकीच्या खोलीत अडचण होते. आणि ही घेणाऱ्याची साखर उतरली तर घरातली साखर पटकन काम करत नाही, कारण ती फोडायचं कामच गोळीने अडवलेलं असतं. ग्लुकोजची पावडर घरात ठेवावी लागते. खाणं आणि वेळा बदलूनही भागलं नाही तर हिचा विचार.

त्यापुढे मिडोड्रिन आहे, रक्तवाहिन्या आवळणारं. झोपल्यावर बीपी फार चढतं म्हणून त्याचा शेवटचा डोस झोपायच्या निदान चार तास आधी. आणि ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन, महाग, टोचायचं, फार थोड्यांना लागतं. या दोन्ही तज्ज्ञाच्या हातच्या गोष्टी.

भिजलेलं_वांगं

मीठ वाढवायचं का? आमच्या एका नातेवाइकांनी बाबांच्या ताटात लोणच्याचा ढीग वाढला, बीपी पडतं म्हणून.

नाडीपरीक्षक

स्वतःच्या मनाने नाही. ज्यांना एरवी बीपी जास्त असतं किंवा हृदयाचं दुखणं आहे त्यांना महागात पडेल. लोणचं परत बरणीत.

सांगलीकर_पांथस्थ

शेवटचं अपडेट, मग मी गप्प बसतो. २४ तासांचं मशीन लावून झालं. सर्वांत खोल खड्डा अजूनही नाश्त्यानंतरचाच निघाला, १५० वरून १२१. डॉक्टर म्हणाले चालेल, फक्त नाश्ता झाल्यावर तासभर पूजेला उभं राहायचं नाही. देवघराची फळी दोन फूट खाली आणून घेतली, आता उभ्याऐवजी खुर्चीवर बसून पूजा. चक्कर नाही.

आता होळी आलीय आणि घरात पुरणपोळीवरून तंटा पेटलाय. डॉक, खरं सांगा.

नाडीपरीक्षक

अर्धी. आधी दोन ग्लास पाणी, मग भाजी-कोशिंबीर आणि कटाची आमटी, पोळी शेवटी, त्या जेवणात भात नाही. नंतर तस्त आणि पलंग. आणि पाऊण तासाने मोजून इथे आकडा टाका.

सांगलीकर_पांथस्थ

वाचून दाखवलं. आई विचारतेय, अर्धी म्हणजे तुपासकट का.